नाव, जन्मतारीख आणि पिनकोड : प्रा. लटान्या स्वीनी यांच्या कार्याचा अभ्यास

संगणकाला जात कळत नाही, असे आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत बसणारी मुले पुष्कळदा म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की, मुलाखतीला समोर बसलेला साहेब आडनाव विचारील, गाव विचारील, वडील काय करतात ते विचारील. यंत्र मात्र फक्त गुण पाहील. तेव्हा जितका कारभार यंत्राकडे जाईल तितके आपल्या मुलांचे भले. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. रेल्वेचे आरक्षण संगणकावर आल्यापासून खिडकीआडच्या बाबूची मर्जी राखावी लागत नाही, याचा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे. परंतु यंत्राला जी गोष्ट कोणी शिकवलीच नाही ती ते आपल्या वागण्यावरून आपोआप उचलते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने हाच प्रश्न वंशभेदाच्या बाबतीत विचारला आणि नुसता विचारून न थांबता मोजून पाहिला. त्या म्हणजे डॉ. लटान्या स्वीनी. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र थोडे आणि पद्धत जास्त सांगण्याचा आमचा विचार आहे. कारण चरित्र वाचून आदर वाटतो, पण पद्धत समजली तर ती वापरता येते.

शिक्षणाची वाट

डॉ. स्वीनी यांचा जन्म १९५९ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. त्यांचा सांभाळ पणजोबा-पणजीने केला. शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेल्स्ली येथील मुलींच्या शाळेत १९७७ साली पूर्ण झाले आणि वर्गात त्या पहिल्या आल्या. पुढे जगप्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे प्रवेश मिळाला. परंतु शिक्षण अर्धवट सोडून त्या बाहेर पडल्या आणि संगणकाची स्वतःची कंपनी काढून सुमारे दहा वर्षे तिच्यात रमल्या. राहिलेली पदवी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन स्कूलमधून १९९५ साली घेतली. हे एक्स्टेन्शन स्कूल म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्यांसाठी चालवलेली शाखा. तेथील बरेचसे वर्ग संध्याकाळी भरतात. नंतर पुन्हा एमआयटीत जाऊन १९९७ साली पदव्युत्तर पदवी आणि २००१ साली संगणकशास्त्रात पीएच.डी. असा प्रवास झाला. एमआयटीमधून या विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत.

पदवी हाती आली तेव्हा बाईंचे वय छत्तिशीच्या घरात होते, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. आमच्या सभासदांत मुक्त विद्यापीठाचे अर्ज भरून ठेवलेले आणि परीक्षेला न बसलेले कितीजण आहेत, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

राज्यपालांचा आजार

त्यांचे पहिले गाजलेले काम विद्यार्थिदशेतलेच आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांचा आरोग्य विमा पाहणारा एक आयोग आहे. सुमारे १ लाख ३५ हजार कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्या रुग्णालयातील नोंदी त्या आयोगाने १९९० च्या दशकाच्या मध्यास संशोधकांना उपलब्ध करून दिल्या. हेतू चांगला होता. कोणता आजार किती, खर्च किती, याचा अभ्यास व्हावा. नोंदी देताना नाव, घरचा पत्ता व सामाजिक सुरक्षा क्रमांक काढून टाकले होते. तेव्हाचे राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी जनतेला खात्री दिली की, कोणाचेही गुपित बाहेर पडणार नाही.

नाव काढले तरी तीन रकाने तसेच राहिले होते: जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि टपालाचा झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली. त्या यादीत नाव होते, पत्ता होता आणि हेच तीन रकानेही होते. राज्यपाल केंब्रिजचे रहिवासी. १९९६ च्या मे महिन्यात एका महाविद्यालयाच्या समारंभात ते व्यासपीठावर कोसळले होते व त्यांना रुग्णालयात नेले होते, ही बातमी सर्वांनी वाचलेली होती. स्वीनी यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. राज्यपालांच्या जन्मतारखेचे मतदार केंब्रिजमध्ये सहाच निघाले. त्यांतले पुरुष तीन. आणि राज्यपालांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच! निनावी म्हणून दिलेल्या कागदांतून राज्याच्या प्रमुखाचा आजार, तपासण्या व औषधे अशा रीतीने एका विद्यार्थिनीला सापडली. तिने कुलूप फोडले नव्हते की कोणाला फितवले नव्हते. दोन्ही याद्या सरळ मार्गाने मिळालेल्या होत्या.

आम्ही गेली वीस-बावीस वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहोत. खाते उघडण्याच्या अर्जातील पहिले काही रकाने आम्हांला झोपेतही म्हणता येतात. नाव, जन्मतारीख, स्त्री/पुरुष, पत्ता, पिनकोड. यांपैकी नाव सोडून बाकीचे रकाने म्हणजे नुसता तपशील, असे काऊंटरवर बसणाऱ्या सर्वांनाच वाटते. स्वीनी यांनी दाखवले ते असे की, हे तीन तपशील एकत्र आले की ते नावाचेच काम करतात. केंब्रिजच्या मतदार यादीत, सुमारे ५४ हजार नावांमध्ये, नुसत्या जन्मतारखेवरून ओळखू येणारे मतदार शेकडा १२ होते. जन्मतारखेला स्त्री-पुरुष हा रकाना जोडला की २९. त्याऐवजी जन्मतारखेला झिप कोड जोडला की ६९. पुढे २००० साली त्यांनी १९९० च्या जनगणनेवरून साऱ्या अमेरिकेचा हिशेब मांडला. तिन्ही रकाने मिळून शेकडा ८७ लोक एकटे उभे राहतात असा तो आकडा होता. २००६ साली दुसऱ्या एका संशोधकाने नव्या जनगणनेवरून हाच हिशेब केला तेव्हा आकडा ६३ वर आला. आकड्याबद्दल वाद असू शकतो. परंतु शंभरातले त्रेसष्ट हेदेखील काही थोडे नव्हेत.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब आपल्या देशासाठी स्वतः करून पाहावा. त्याला यंत्र लागत नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसाचे आयुष्य साधारण ८० वर्षे धरले तर जन्मतारखा होतात २९ हजार २००. स्त्री व पुरुष असे दोन भाग केले की ५८ हजार ४०० कप्पे झाले. आपल्या देशात पिनकोड सुमारे १९ हजार आहेत आणि लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे. म्हणजे एका पिनकोडात सरासरी सत्तर हजारांवर माणसे. सत्तर हजार माणसे अठ्ठावन्न हजार कप्प्यांत वाटली तर एका कप्प्यात किती येतात? एकाहून थोडी अधिक. तरुण वयाच्या कप्प्यांत गर्दी जास्त होईल, म्हाताऱ्यांच्या कप्प्यांत कमी. आणि शहरातला पिनकोड खेड्यातल्याहून दाट असेल. तरीपण मुद्दा बदलत नाही.

आपल्या मतदार यादीत जन्मतारीख छापत नाहीत, वय छापतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे. आणखी एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतील अर्धी वस्ती १ जूनला जन्मलेली आहे! शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून लिहून मोकळे होत. पेन्शनच्या कागदांत आम्ही ही तारीख इतक्या वेळा पाहिली आहे की आता हसूही येत नाही. परंतु स्वीनी यांचे शास्त्र वाचल्यावर ध्यानात आले की, गुरुजींनी नकळत या लोकांना गर्दीत लपवून ठेवले आहे. त्यांच्या नातवंडांचे जन्म दवाखान्यात झाले, तारखा तंतोतंत लिहिल्या गेल्या, आणि ती मात्र आपापल्या कप्प्यात एकेकटी उभी आहेत.

गर्दीत लपवण्याच्या या कल्पनेलाच स्वीनी यांनी शास्त्राचे रूप दिले. त्याला 'के-अनॉनिमिटी' म्हणतात. यातील 'के' हा एक आकडा. समजा तो ५ ठरवला. मग प्रसिद्ध करावयाच्या यादीतील कोणतीही नोंद घेतली तरी तिच्यासारखे ओळखीचे रकाने असलेल्या किमान पाच नोंदी असल्याच पाहिजेत. नसतील तर रकाने ढोबळ करावयाचे. पूर्ण तारखेऐवजी वर्ष, वर्षाऐवजी दशक, सहा अंकी पिनकोडाऐवजी पहिले तीन अंक. इटलीच्या संशोधिका पिएरांजेला समाराती यांच्यासह हे काम १९९८ मध्ये सुरू झाले आणि स्वीनी यांचा याविषयीचा प्रसिद्ध निबंध २००२ साली आला. अमेरिकेत आरोग्याच्या नोंदींच्या गुप्ततेचा नियम २००० साली ठरून २००३ मध्ये अंमलात आला, त्याच्या छापील विवेचनात त्यांच्या कामाचा आधार घेतलेला आहे. त्या नियमाच्या एका पद्धतीत जन्मतारखेचे फक्त वर्ष ठेवावे लागते आणि झिप कोडचे पहिले तीनच अंक, तेही त्या भागात २० हजारांहून जास्त वस्ती असेल तर. नोंद ८९ वर्षांवरील माणसाची असेल तर वय वेगळे दाखवायचे नाही, सर्वांना '९० व त्यावरील' या एकाच गटात टाकायचे. एका विद्यार्थिनीने वीस डॉलरला घेतलेल्या यादीची वाट कायद्याच्या तपशिलापर्यंत कशी गेली, ते यावरून दिसून येते.

ही युक्ती परिपूर्ण नाही. पाच माणसे एकसारखी दिसली, पण पाचांचाही आजार एकच असला, तर लपून काय उपयोग? पुढच्या काही वर्षांत इतर संशोधकांनी हे दाखवून दिले व अधिक कडक पद्धती सुचवल्या. शास्त्रात असे चालायचेच.

नावापुढची जाहिरात

डॉ. स्वीनी १९९८ पासून पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवीत होत्या. तेथे त्यांनी २००१ साली डेटा प्रायव्हसी लॅब ही प्रयोगशाळा स्थापन केली आणि २०११ मध्ये ती घेऊन त्या हार्वर्डला आल्या. त्यांचा दुसरा मोठा अभ्यास हार्वर्डमधला, आणि आमच्या मते आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा असा तोच आहे.

एक पत्रकार त्यांना भेटावयास आला होता. जुना निबंध शोधण्यासाठी बाईंनी गुगलवर स्वतःचे नाव घातले. निबंध सापडला, पण शेजारी एक जाहिरात झळकली: लटान्या स्वीनी, अटक झाली होती? पत्रकार म्हणाला, निबंध राहू द्या, आधी या अटकेचे सांगा. बाईंना कधीही अटक झालेली नव्हती. सार्वजनिक नोंदी विकणाऱ्या एका कंपनीची ती जाहिरात होती. बाईंनी पैसे भरून त्या कंपनीची नोंद उघडली. त्यांच्या नावावर अटकेची एकही नोंद नव्हती. तरी जाहिरात मात्र तशी लागत होती.

येथपर्यंतची गोष्ट अनेकांच्या आयुष्यात घडते. नोकरीच्या ठिकाणी, भाड्याची खोली पाहताना, लग्नाच्या बोलणीत नावावरून काहीतरी बिनसते. आपण चडफडतो, घरी येऊन सांगतो, फार तर एखाद्या सभेत बोलतो. समोरचा म्हणतो, तुमचा गैरसमज झाला असेल. आणि त्याला उत्तर देण्यासारखे आपल्या हातात काही नसते. डॉ. स्वीनी यांनी यापुढे जे केले ते संशोधकाचे काम. गोऱ्या मुलांना जास्त करून दिली जाणारी नावे व काळ्या मुलांना जास्त करून दिली जाणारी नावे यांच्या याद्या आधीच्या अभ्यासांतून उपलब्ध होत्या. जिल, क्रिस्टन ही एका बाजूची. लटान्या, लटिशा ही दुसऱ्या बाजूची. अशी २ हजार १८४ खऱ्या माणसांची पूर्ण नावे त्यांनी घेतली आणि ती गुगलवर व रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर एकेक करून शोधली. दर खेपेस कोणती जाहिरात लागली, तीत अटक हा शब्द आहे की नाही, एवढेच टिपले.

रॉयटर्सच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या जाहिराती ज्या नावांपुढे लागल्या, त्यांपैकी काळ्यांच्या नावांपुढे शंभरात ६० वेळा अटकेचा उल्लेख होता, गोऱ्यांच्या नावांपुढे ४८ वेळा. म्हणजे काळ्या नावाला असा उल्लेख चिकटण्याची शक्यता शेकडा २५ ने अधिक. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडावा याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. हा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आता हे कोणी केले? येथे बाईंचा संयम पाहण्यासारखा आहे. जाहिरात देणाऱ्या कंपनीने सांगितले की, आम्ही नावांना वंशाप्रमाणे वेगळा मजकूर दिलेला नाही. गुगलची रीत अशी होती की, एका जाहिरातीचे दोन-तीन मजकूर दिलेले असले तर ज्या मजकुरावर लोक जास्त बोट ठेवतात तो हळूहळू जास्त दाखवला जातो. म्हणजे असेही शक्य आहे की, लटिशा नाव शोधणारे लोक 'अटक' वाचून पटकन तिकडे वळत होते, जिल नाव शोधणारे तितके वळत नव्हते, आणि यंत्र लोकांच्या बोटावरून शिकले. आपल्या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, फरक मात्र सिद्ध होतो, असे स्वीनी यांनी निबंधातच स्पष्ट केले आहे. त्या हे न लिहित्या तर निबंध अधिक गाजला असता, पण टिकला नसता.

तिसरी शक्यता खरी धरली तर अपराधी कोण ठरवायचा? आज्ञावली लिहिणाऱ्याने वंशाचा उच्चार केलेला नाही, जाहिरातदाराने केलेला नाही. बोट ठेवणारा प्रत्येकजण म्हणेल की मी एकदाच ठेवले. कायदा माणसाचा हेतू शोधीत येतो आणि येथे हेतूच सापडत नाही. नोकरी देणारा मालक मात्र उमेदवाराचे नाव शोधतो, त्याला शेजारी 'अटक' दिसते आणि तो पुढच्या अर्जाकडे वळतो. नुकसान झाले, करणारा नाही. अशा वेळी मोजलेला फरक हाच एक पुरावा उरतो.

आपल्याकडील एक मोजणी

नावाच्या या प्रश्नाशी आपला संबंध काय, हे आमच्या वाचकांना सांगावे लागू नये. परंतु अशीच मोजणी आपल्या देशातही झालेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील प्रा. पॉल ॲटवेल यांनी ती केली व २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध केली. थोरात सर अमरावती जिल्ह्यातले. बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४ हजार ८०८ अर्ज पाठवले. शिक्षण व पात्रता सारखीच. फरक फक्त नावात, उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची शक्यता १ धरली तर त्या तुलनेत दलित नावाचे गुणोत्तर ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३ निघाले. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात बॉस्टन व शिकागो येथे सुमारे ५ हजार अर्ज पाठवले होते आणि गोऱ्या नावांना शेकडा ५० अधिक बोलावणी आली होती. स्वीनी यांनी आपली नावे ज्या याद्यांतून घेतली त्यांत या अभ्यासाची यादीही होती.

थोरात सरांच्या अभ्यासात अर्ज चाळणारी माणसे होती. आता ही चाळणी अनेक मोठ्या कंपन्यांत यंत्र करते. यंत्राला उमेदवार निवडायला शिकवायचे तर मागची दहा वर्षे कोणाला घेतले हे दाखवावे लागते, आणि मागची दहा वर्षे कशी होती ते वरच्या आकड्यांत आलेच आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून असे एक यंत्र तयार करून पाहिले. पूर्वी निवडलेले बहुतेक पुरुष असल्यामुळे ते यंत्र ज्या अर्जात 'महिला' हा शब्द आला, समजा महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार, त्या अर्जाला कमी गुण देऊ लागले. कंपनीने ते शेवटी मोडीत काढले. २०१८ साली ही हकीकत रॉयटर्सने जगासमोर आणली. तेथे दोष सापडला, कारण स्त्री आणि पुरुष असे दोन ढीग करून पाहता आले.

आणि आपल्याकडे नाव झाकून भागत नाही. पत्त्याची ओळ आहे. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाई आंबेडकर नगर असा पत्ता लिहिल्यावर आडनावाची गरज उरत नाही. शाळेचे नाव, शिष्यवृत्तीचे नाव, वसतिगृहाचे नाव यांतूनही तेच समजते. काही तरुण आडनाव बदलून घेतात, किंवा पुढे नुसते वडिलांचे नाव लावतात. त्यांच्यावर टीका करण्याचा आमचा विचार नाही. पण राज्यपाल वेल्ड यांच्या कागदांवरही नाव नव्हते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

विद्यार्थ्यांची नियतकालिका

२०१४ मध्ये डॉ. स्वीनी यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनमध्ये मुख्य तंत्रज्ञ म्हणून बोलावले गेले. व्यापारातील फसवणूक व मक्तेदारी यांवर देखरेख करणारी ही १९१४ सालची सरकारी संस्था. तेथे असताना जाहिरातींचाच धागा त्यांनी पुढे नेला. ओमेगा साय फाय ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९११ साली स्थापन केलेली, सुशिक्षितांची नामांकित संघटना. तिच्या शताब्दीच्या संकेतस्थळावर कोणत्या जाहिराती लागतात हे पाहिले, तर अटकेच्या नोंदींच्या जाहिराती होत्या, आणि ज्या क्रेडिट कार्डांना जाणकारांनी वाईट ठरवले होते त्यांच्याही होत्या. बँकेत काम करणाऱ्याला याचा अर्थ चटकन कळतो. कर्ज नाकारणे ही एक गोष्ट. परंतु महाग कर्ज कोणाच्या दारात नेऊन ठेवायचे आणि स्वस्त कर्जाची माहितीच कोणाला कळू द्यायची नाही, ही त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे. नाकारलेला अर्ज निदान फायलीत राहतो. न दाखवलेल्या जाहिरातीचा कागद कोठे असतो?

हार्वर्डला परतल्यावर त्यांनी २०१५ साली 'टेक्नॉलॉजी सायन्स' हे नियतकालिक सुरू केले. त्यात विद्यार्थ्यांचे शोधनिबंध मोठ्या संख्येने येतात. त्यांतला एक असा. महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेची शिकवणी संगणकावरून देणारी एक मोठी कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावर आधी झिप कोड भरावा लागे, मग शुल्क दिसे. चार विद्यार्थ्यांनी देशातील सर्व झिप कोड एकामागून एक भरून पाहिले. एकाच शिकवणीचे शुल्क कोठे ६ हजार ६०० डॉलर, तर कोठे ८ हजार ४०० डॉलर. हे आकडे जनगणनेशी जुळवल्यावर दिसले की, आशियाई वंशाच्या माणसाला वरचा दर सांगितला जाण्याची शक्यता इतरांच्या १.८ पट आहे. कंपनीचे म्हणणे, आम्ही वंश पाहतच नाही, त्या त्या भागातील खर्च आणि स्पर्धा पाहून दर ठरवतो. ते खरेही असेल. पण चार मुलांनी मोजेपर्यंत कंपनीला स्वतःलाच हे माहीत होते की नाही, याची आम्हांला शंका आहे.

या सर्व कामांत एक पेच आहे आणि तो आपल्यासाठी अधिक बिकट आहे. गुप्तता राखायची तर रकाने झाकावे लागतात; पक्षपात मोजायचा तर गट माहीत असावा लागतो. डॉ. स्वीनी यांनी दोन्ही कामे केली. एका अभ्यासात नोंदी झाकायला शिकवले, दुसऱ्यात नावांचे काळी व गोरी असे दोन ढीग केले. यात विसंगती नाही. एकेका माणसाची ओळख झाकायची आहे, समूहाचा आकडा झाकायचा नाही. आपल्याकडे मात्र उलटे होताना दिसते. माणसाचा मोबाईल क्रमांक दुकानदारापासून पतपेढीपर्यंत सर्वांकडे असतो, आणि अमुक जातीसमूहाचे किती अर्ज आले व किती मंजूर झाले असे विचारले की, आम्ही जात पाहत नाही, असे अभिमानाने सांगतात. खासगी नोकरीच्या अर्जात जातीचा रकाना नसतो ही गोष्ट दिसायला चांगली. पण मग चाळणी करणाऱ्या यंत्राची परीक्षा कशी घ्यायची? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला आहे. त्याचा रोख पहिल्या कामाकडे आहे. दुसऱ्या कामासाठी थोरात सरांनी केले तसे बाहेरून अर्ज पाठवूनच मोजावे लागेल, असे आमचे मत आहे.

आमच्या अभ्यासवर्गातील मुलांनी सुट्टीत एक काम करावे. आपण गेल्या वर्षभरात भरलेले अर्ज, शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, नोकरीचे, घरी असतील तेवढे गोळा करावेत. एका वहीत प्रत्येक अर्जाचे रकाने उतरावेत आणि ज्या रकान्यांवरून नाव झाकले तरी आपण ओळखू येऊ त्यांना खूण करावी. मग वस्तीतील वीस जणांच्या जन्मतारखा विचारून त्यांतले कितीजण एकाच तारखेचे आहेत ते मोजावे. १ जूनचे वेगळे मोजावेत. वही संस्थेच्या वाचनालयात द्यावी. जन्मतारखांचे पान देताना त्यावर नावे लिहू नयेत, आणि पूर्ण तारखेऐवजी फक्त वर्ष लिहावे.